बेथेल आणि देवाचा दरबार : मराठी ख्रिस्ती मेळाव्यांतील नेतृत्वाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनामुळे महाराष्ट्रभर परिचित झाले. गावाच्या मोकळ्या जागेत लोक एकत्र बसतात, कुणीतरी एक जण मध्यभागी असतो आणि त्याच्या बोलण्याइतकेच त्याच्या ऐकण्याकडे लोकांचे लक्ष असते, हे दृश्य मराठवाड्याला नवीन नाही. याच परिसरात, निजामाच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक मंडळी अशीच एकत्र बसत होती. मात्र जिल्ह्याचा इतिहास सांगताना तिचा उल्लेख सहसा एखाद्या ओळीपलीकडे जात नाही. जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीची ही मंडळी होय. प्रस्तुत लेखात बेथेल आणि त्यानंतर सुमारे अर्धशतकाने सातारा येथे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी उभारलेला 'देवाचा दरबार' यांचा एकत्र विचार केला आहे. लहानशा श्रद्धावान समूहाचा नेता आपल्या माणसांना शिकवतो की त्यांच्याकडून काही जाणूनही घेतो, हा या विचाराचा मुख्य प्रश्न आहे.

लहान गटाची ही कल्पना युरोपातही फार जुनी नाही. जर्मनीत फिलिप स्पेनर यांनी १६७० मध्ये फ्रँकफर्ट येथे घरगुती धर्मचिंतनाच्या बैठका सुरू केल्या. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट 'क्लास'चा उगम तर अगदीच व्यावहारिक होता. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करावी असे ठरले आणि ती गोळा करणाऱ्याने घरोघरी जाऊ लागावे, असा प्रघात पडला. घरी गेले की विचारपूस होणारच. वर्गणीचा हिशेब बाजूला पडला आणि माणसाच्या अंतःकरणाची विचारपूस हेच त्या फेरीचे काम झाले. संस्था कशी जन्मते याचे हे मोठे बोलके उदाहरण आहे.

नारायण शेषाद्री आणि बेथेल

नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातील. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असताना १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात अधिक गाजले. अल्पवयीन श्रीपतला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांनी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. एका भावासाठी परतीची वाट उघडावी की नाही यावर मुंबईच्या विद्वानांत वाद चालला असता दुसरा भाऊ आपल्या नव्या वाटेने पुढे निघून गेला. पुढील काळात त्याला सर्वस्वी वेगळ्या समाजात काम करावयाचे होते.

१८५४ मध्ये शेषाद्रींना फ्री चर्चची दीक्षा मिळाली आणि १८६० च्या दशकात त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. जालना त्या काळी निजामाच्या मुलखात होते, तरी तेथे इंग्रजी अधिकाऱ्यांखालील फौजेची छावणी होती. मिशनला अशा ठिकाणी एक प्रकारचे संरक्षण मिळे. शेषाद्रींच्या उपदेशाला प्रतिसाद देणाऱ्यांत मांग समाजातील लोकांचा भरणा मोठा होता. पुढे त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती कुटुंबांची स्वतंत्र वस्ती वसवली. तिच्यासाठी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी जमीन देऊ केली. वस्तीला 'बेथेल' हे नाव मिळाले. हा शब्द मूळ हिब्रू असून त्याचा अर्थ 'देवाचे घर' असा होतो. वडिलांच्या घरातून निघालेल्या याकोबाने दगडाची उशी करून जेथे रात्र काढली, त्या जागेचे ते नाव आहे.

या घटनेचे सामाजिक महत्त्व जमिनीच्या देणगीत शोधण्यापेक्षा बसण्याच्या जागेत शोधणे अधिक उचित ठरेल. मांगवाडा गावकुसाबाहेर असे. दोर वळणे, केरसुण्या करणे, लग्नकार्यात वाजवणे ही त्यांची कामे. गावात चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावरच येई. चावडीवर त्यांना बोलावले जाई ते जाब विचारण्यासाठी. मत विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. अशा माणसांसमवेत ब्राह्मण कुळात जन्मलेला, इंग्रजीत वक्तृत्व गाजवणारा पुरुष प्रार्थनेस बसत होता, एवढी गोष्टच त्या काळात लहान नव्हती. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस शेषाद्री गेले, तेव्हा त्यांच्या पागोट्याची आणि वक्तृत्वाची तेथे मोठी चर्चा झाली. जालन्याच्या माळरानावरची वस्ती त्यामुळे अमेरिकेतील श्रोत्यांच्या कानी पडली.

मात्र या ठिकाणी अभ्यासकाला थांबावे लागते. मिशनची कागदपत्रे आपल्याला संख्या सांगतात : बाप्तिस्मे किती झाले, शाळेत मुले किती आली, वर्गणी किती जमली. देणगीदारांना हेच कळवावे लागे, म्हणून त्याचा दोष एकट्या कुणाला देता येत नाही. परंतु बेथेलमधील मांग कुटुंबांना काय वाटत होते, ख्रिस्ताचे नाव घेताना त्यांच्या मनात कोणते जुने दैवत अजून जागे होते, जमिनीसाठी आलेला आणि श्रद्धेसाठी आलेला असा फरक ते स्वतः करीत होते काय, हे विचारण्याची चौकट त्या अहवालांत नाही. शेषाद्रींनी हे प्रश्न प्रत्यक्ष विचारले नसतील असे म्हणणे अन्यायाचे होईल. इतकी वर्षे लोकांत राहणारा माणस त्यांचे ऐकल्याशिवाय राहू शकत नाही. तथापि जमीन, शाळा आणि देऊळ या तिन्हींच्या किल्ल्या एकाच्या हाती असतील, तर त्या हातासमोर बोलणारा माणूस किती मोकळेपणाने बोलतो, हा प्रश्न उरतोच. ऊब होती. मोकळीक किती होती याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

टिळकांचे घर

नारायण वामन टिळक यांची ख्रिस्ताशी पहिली ओळख एका रेल्वेच्या डब्यात झाली, आणि ती ज्या रीतीने झाली ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी संस्कृत काव्याविषयी आदराने संभाषण केले. त्याने वाद घातला नाही, निंदा केली नाही. निघताना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती वाचली, जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि १८९५ मध्ये मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला. हेच अ‍ॅबट पुढे मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार झाले, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. टिळकांना ख्रिस्ताकडे नेण्यात ज्यांचा वाटा होता, त्यांना मराठी भक्तीविषयी जिज्ञासा होती.

टिळकांनी ही रीत आपल्या घरात चालवली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. नंतर एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवली. टिळकांनी ती सोय करून दिली आणि वाट पाहिली. जातिभेद मनुष्यकृत आहे हा निर्णय लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने घेतला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास हे सारे त्यांच्याच खेळकर शब्दांत भेटते. टिळकांचा शीघ्रकोप आणि त्यांचा लहरीपणाही त्यात आहे. म्हणून त्यांच्या सहनशीलतेचे वर्णन खोटे वाटत नाही.

याच घरात अहमदनगर येथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. टिळकांनी त्यांच्या कवितेला दाद दिली. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले आणि त्या घरात याची खंत कुणी केली नाही. धर्मप्रसारक म्हणून वेतन घेणाऱ्या गृहस्थाच्या घरी ही गोष्ट घडते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात येऊ शकत होते. पश्चिमेच्या वेषात ख्रिस्त आला म्हणून तो परका वाटला, असे टिळकांचे निदान होते. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची स्वतःविषयीची धारणा होती. नगर परिसरात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पूर्वीच पाडली होती. तथापि कीर्तनकार उभा राहतो आणि श्रोते बसतात. दरबारात सर्वांनीच गुरूसमोर बसावयाचे होते, आणि तो गुरू टिळक नव्हते, ख्रिस्त होता. निदान कल्पना तशी होती. व्यवहारात दरबार टिळकांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर दरबार फार काळ तग धरू शकला नाही. त्यातील काही विचार जे. सी. विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात पुढे दिसून येतो.

दोन पुरावे

बेथेलमागे जमीन होती, म्हणून ती वस्ती नेत्यानंतरही टिकू शकली. दरबारामागे केवळ माणूस होता. या हिशेबाने शेषाद्रींचे काम अधिक पक्के म्हणावे लागेल, आणि टिळकांच्या प्रशंसकांनी हे मान्य करण्यास कचरू नये. परंतु टिळकांच्या घरातून 'स्मृतिचित्रे' निघाली. ज्या स्त्रीला नवऱ्याने वाचायला शिकवले, तिने त्याच्यासह सर्वांना पारखणारे पुस्तक लिहिले आणि त्याचे अपूर्ण 'ख्रिस्तायन'ही पुढे नेले. नेत्याने मनापासून प्रश्न विचारले असतील तर त्याच्या माणसांकडून असे काही येते.

बेथेलमधून असे पुस्तक आलेले नाही. मांग समाजाला बोलता येत नव्हते म्हणून ते आले नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. बेथेल वसण्यापूर्वी, १८५५ मध्ये, पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता या मांग मुलीचा निबंध मिशनऱ्यांच्याच 'ज्ञानोदय'ने छापला होता. आम्हांला वेद वाचण्याचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता ते देवानेच सांगावे, अशा आशयाची विचारणा त्या चौदा वर्षांच्या मुलीने केली होती.