इंजिनाचा संगणक आणि राखून ठेवलेली शक्ती



पांढुर्ण्याचा माझा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी भेटावयास आला. त्याच्याजवळ चाकणच्या कारखान्यात तयार झालेली पोलो जीटी टीएसआय ही चपळ गाडी आहे. ‘सर, गाडीचा ईसीयू रिमॅप करायचा आहे. स्टेज वन घेऊ की स्टेज टू?’ असे त्याने विचारले. मी इतिहासाचा शिक्षक, यंत्रज्ञ नव्हे. तेव्हा मी त्याला प्रथम इतिहासच सांगितला.

कार्ब्युरेटरच्या काळी हा प्रश्न पान्ह्याने सुटत असे. मिस्त्री जेट बदली, टायमिंग थोडे पुढेमागे करी आणि कानाने इंजिनाची नाडी पाही. इंजिनात संगणक आला तो मात्र वेगाच्या हौसेपोटी नव्हे, तर धुराच्या धास्तीने. कॅलिफोर्नियातील शहरांची हवा मोटारींच्या धुराने कोंदली, तेथील नियम कडक झाले. १९६७ साली फोक्सवॅगनने आपल्या १६०० गाडीत बॉश कंपनीची विजेने नियंत्रित होणारी इंधनपद्धती बसविली. १९७९ साली बॉशच्या ‘मोट्रॉनिक’ने इंधन व ठिणगी ही दोन्ही कामे एकाच संगणकाकडे सोपविली. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालावयाचा, तर एक भाग पेट्रोलास वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण क्षणोक्षणी राखावे लागते. ते कोणाच्याही कानाचे काम नव्हते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, त्यामागेही हीच चिंता आहे.

या संगणकात निर्माता एक ‘नकाशा’ भरतो : केव्हा किती इंधन, केव्हा ठिणगी, टर्बोचा दाब किती. तसे करताना तो थोडी शक्ती राखून ठेवतो. हलके पेट्रोल, वैशाखातील ऊन, सौंसरहून छिंदवाड्याकडे चढणारी सिल्लेवानीची घाटी आणि मालकाची हयगय, या सर्वांसाठी ती शिल्लक असते. रिमॅप करणारा नवी शक्ती निर्माण करीत नाही. तो ही शिल्लक खर्च करतो.

म्हणून खर्चाचा हिशेब आधी मागावा. या गाडीचे इंजिन मुळात १०५ अश्वशक्ती व १७५ न्यूटन-मीटर टॉर्क देते. तिचा कोरड्या क्लचचा सात गिअरांचा गिअरबॉक्स सुमारे २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनविलेला आहे. तेव्हा अश्वशक्ती किती वाढेल याहून टॉर्क कोठे थांबेल, हा प्रश्न मोठा. तसेच युरोपातील ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलावर लिहिलेला नकाशा येथे जसाच्या तसा घेऊ नये. आपल्या पंपावर मिळणाऱ्या, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलावर आणि आपल्या उन्हात तो तपासलेला असावा. अन्यथा इंजिन नॉक करू लागते.

स्टेज टूमध्ये पुष्कळदा मूळ कन्व्हर्टर काढून मोकळा पाइप बसवितात. म्हणजे ज्या कामासाठी संगणक आला, तेच काम बंद! शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलांत बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कठोर अर्थ लावला. हमी व विमा यांचाही विचार आहेच.

‘म्हणजे स्टेज टू नाहीच,’ तो म्हणाला. स्टेज वनसाठीही आधी परिवहन कार्यालयात विचारीन, गाडी डायनोवर मोजून घेईन आणि मूळ नकाशाची प्रत हाती असल्यावाचून संगणकास हात लावू देणार नाही, असे त्याने कबूल केले. इतिहासाच्या तासाचे एवढे फळ मला पुरेसे वाटले.