भात सोडू नका, नाचणी परत आणा

वजन उतरवायला आमच्या गटातल्या एकीने रात्रीचं जेवणच सोडलं आणि लावणीत चिखलातच तिला चक्कर आली. तेव्हा आम्ही शहापूर-मुरबाडच्या आज्यांना विचारलं, तुम्ही काय खायचात?

खाचरात भात, वर वरकस जमिनीत नाचणी-वरई. उखळात कांडलेल्या तांदळाला थोडा कोंडा राहायचा. जात्यावर दळलेली भाकरी, पावसात रानभाजी. कणगी रिकामी झाली की अर्धपोटी दिवसही यायचे. ते परत नकोत.

मग गिरणी आली, तांदूळ पांढरा झाला, जातं कोपऱ्यात गेलं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३, गहू २ आणि भरडधान्य १ रुपया किलो लिहिलं होतं. आमच्या पिशवीत मात्र तांदूळ-गहूच पडले. वर बिस्किटं, गोड चहा आणि तेल वाढलं.

नाचणीनेही वजन आपोआप उतरत नाही, पण तिच्यात कोंडा आणि कॅल्शियम जास्त. पोट बराच वेळ भरलेलं राहतं. म्हणून आम्ही ठरवलं: उपाशी राहायचं नाही. भात थोडा कमी, एक वेळ नाचणीची भाकरी, डाळ-भाजी जास्त, चहात साखर निम्मी. आणि चक्कर येत असेल, तर आधी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.