आधारमध्ये पत्ता बरोबर, मग अर्जातून ‘पिंप्राळा’ गायब कसं होतं?

ऑनलाइन केवायसी करताना नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो असं सगळं अर्जात आपोआप भरलं जातं. कधी कधी मात्र नाव अचूक येतं आणि पत्त्यातलं गावच नसतं. आधार कार्ड काढून पाहिलं तर त्यावर सगळं नीट असतं. मग घोळ होतो कुठे? बऱ्याचदा तो ‘मॅपिंग’ नावाच्या एका टप्प्यावर होतो.

यूआयडीएआयच्या पेपरलेस ऑफलाइन ई-केवायसी सुविधेत नागरिकाला एक झिप फाइल मिळते. ती 4 अंकी शेअर कोड टाकून उघडते. आत असते एक्सएमएल फाइल. एक्सएमएल म्हणजे प्रत्येक माहितीला नावाची चिठ्ठी चिकटवून लिहिण्याची पद्धत. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने 1998 मध्ये ती प्रमाणित केली. या फाइलमध्ये पूर्ण आधार क्रमांक नसतो, फक्त शेवटचे 4 अंक असतात.

बँकेचं सॉफ्टवेअर ही फाइल जशीच्या तशी वापरत नाही. त्याच्याकडे स्वतःचा एक कोरा फॉर्म असतो. प्रोग्रामर त्याला ऑब्जेक्ट म्हणतात आणि त्यातल्या रकान्यांना फील्ड. फाइलमधली कोणती चिठ्ठी कोणत्या रकान्यात टाकायची, हे माणसाने आधी ठरवून द्यावं लागतं. यालाच मॅपिंग म्हणतात. संगणकाला ‘वस्ती’ म्हणजे काय आणि ‘शहर’ म्हणजे काय, यातलं काही कळत नाही.

पत्त्याचे बारा तुकडे

आधारच्या फाइलमध्ये पत्ता एका ओळीत नसतो. केअर ऑफ, घर क्रमांक, रस्ता, जवळची खूण, वस्ती, गाव किंवा शहर, पोस्ट, तालुका, जिल्हा, राज्य, पिन कोड आणि देश असे त्याचे 12 भाग असतात.

आता पिंप्राळ्याचं बघा. एकेकाळचं हे गाव आज जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. इथल्या एखाद्याच्या नोंदीत गावाच्या जागी ‘पिंप्राळा’ असू शकतं, तर शेजाऱ्याच्या नोंदीत शहर ‘जळगाव’ आणि वस्ती ‘पिंप्राळा’. दोन्ही बरोबरच. पण समजा अर्जात घर, रस्ता, शहर आणि पिन एवढेच रकाने आहेत आणि वस्तीची चिठ्ठी कशालाच जोडलेली नाही. मग पहिल्याचा पत्ता नीट उतरतो आणि शेजाऱ्याचं पिंप्राळा गळून जातं. उरतं घर क्रमांक, रस्ता, जळगाव. एवढ्यावर डेबिट कार्ड घेऊन आलेल्या पोस्टमनने घर शोधायचं कसं?

वाईट भाग असा की स्क्रीनवर लाल अक्षरात काही येत नाही. जावा भाषेत या कामासाठी जॅक्सबी नावाची साधनं वापरतात. ओळखीची नसलेली चिठ्ठी दिसली, तर वेगळी सूचना दिलेली नसताना ती सरळ पुढे जातात. एखादी चिठ्ठी सापडलीच नाही तर तो रकाना रिकामा राहतो. एक्सएमएलमध्ये अक्षरांची लहान-मोठी लिपीही वेगळी धरली जाते, त्यामुळे चिठ्ठीच्या नावात एक इंग्रजी अक्षर कॅपिटल झालं तरी जोडणी तुटते.

तारखेची गंमत

आधारच्या फाइलमध्ये जन्मतारीख दिवस-महिना-वर्ष अशी असते. सॉफ्टवेअरने ती अमेरिकन पद्धतीने वाचली, तर 05-08-1994 म्हणजे 5 ऑगस्टऐवजी 8 मे होतो. 25-08-1994 असेल तर चूक लगेच पकडली जाते, कारण पंचविसावा महिनाच नाही. म्हणजे फसतात ते महिन्याच्या पहिल्या 12 दिवसांत जन्मलेले. मग पॅन आणि बँकेची जन्मतारीख जुळत नाही, आणि माणूस आधार केंद्राच्या रांगेत उभा राहतो.

फाइलवर यूआयडीएआयची डिजिटल सही असते, तरी हे कसं होतं? ती सही फाइलमध्ये कुणी फेरफार केलेला नाही एवढंच सांगते. फाइल तपासून झाल्यावर माहिती कोणत्या रकान्यात गेली, याच्याशी तिचा संबंध नाही.

म्हणून अर्ज सबमिट करण्याआधी आपोआप भरलेला पत्ता आणि जन्मतारीख वाचून घ्यावी. छापील आधारवर माहिती बरोबर आणि अर्जात चुकीची असेल, तर दुरुस्ती आधारमध्ये करायची नसते. स्क्रीनशॉट काढून तक्रार त्या बँकेकडे किंवा अॅपच्या कंपनीकडे करायची, कारण मॅपिंग त्यांच्या सॉफ्टवेअरमधलं असतं.