कुत्र्याची जात आणि कायद्याची फूटपट्टी

मे 1991 मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे एका पिट बुल कुत्र्याने सहा वर्षांच्या मुलीला भयंकर जखमी केले. वृत्तपत्रे खवळली. गृहमंत्री केनेथ बेकर यांनी विधेयक आणले आणि 12 ऑगस्टला 'धोकादायक कुत्रे कायदा' लागूही झाला. धोकादायक ठरलेल्या कुत्र्याला आवरा किंवा मारा, असा आदेश 1871 च्या कायद्यानेही देता येई. पण त्यात जातीचा उल्लेख नव्हता. आता पिट बुल, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांची पैदास व विक्री थांबली.

पण पिट बुल ओळखायचा कसा? ब्रिटनच्या केनेल क्लबची त्याला मान्यताच नव्हती, म्हणजे वंशावळीचा दाखला नाही. म्हणून कायद्याने 'जात' न म्हणता 'प्रकार' म्हटले. 1993 मध्ये न्यायालयाने निर्वाळा दिला, की 'प्रकार' हा शब्द 'जाती'पेक्षा व्यापक आहे. बरीचशी लक्षणे जुळली की पुरे. आईबाप कोण, हे गौण ठरले. डोके, जबडा, छाती यांची मापे घेऊन निकाल लागू लागले. कुत्रा त्या प्रकारचा नाही, हे मालकानेच सिद्ध करायचे! 1997 पर्यंत तर दोष सिद्ध झाल्यावर, कोणालाही न चावलेल्या कुत्र्याला वाचवण्याची मुभा न्यायाधीशाला नव्हती.

वर्गीकरण हे आम्हा जीवशास्त्रज्ञांचे रोजचे काम. पण रूपावरून स्वभाव सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. 2022 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातील फरकांपैकी सुमारे 9 टक्केच जातीने स्पष्ट होतात, असे त्यात आढळले.

तरीही कायदा करणाऱ्यांना हसून चालणार नाही. लहान कुत्राही चावतो, पण त्याने माणूस दगावत नाही सहसा. चावण्याची शक्यता वेगळी आणि चाव्याची तीव्रता वेगळी. दुसरीचा संबंध आकाराशी आणि जबड्याच्या ताकदीशी आहे. 2023 मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये यादीत आलेल्या 'एक्सएल बुली'च्या व्याख्येत खांद्यापाशी उंचीच दिली आहे: नर 20 इंच, मादी 19 इंच किंवा अधिक.

भारतातही मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. ब्रिटनमधील 1991 च्या कायद्यात मात्र आणखी एक कलम पहिल्यापासून आहे. सार्वजनिक जागी कोणत्याही जातीचा कुत्रा धोकादायक रीतीने अनावर झाला, तर मालक गुन्हेगार. 2014 मध्ये ते घराच्या आतही लागू झाले.