ऊर्क् सापडतो अन्नाच्या यादीत

पूर्वपक्ष असा : ऊर्जा हा शब्द वेदांत आहे. यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात इष् आणि ऊर्ज् यांची जोडी येते, ऋग्वेदात अग्नीला ऊर्जेचा पुत्र म्हटले आहे. तेव्हा ऊर्जा म्हणजे काय आणि ती रूप कशी बदलते, हे ऋषींना ठाऊक होते. युरोपाने एकोणिसाव्या शतकात तेच नव्याने सांगितले. विज्ञानदिनाच्या भाषणांत आणि वास्तुशास्त्राच्या जाहिरातींत हे मत इतके रुळले आहे की त्याला पुरावा मागणाराच विचित्र ठरतो.

शब्द वेदांत आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो मधल्या ‘तेव्हा’बद्दल.

वैदिक शब्दांचा अर्थ लावण्याचे आपल्याकडचे फार जुने साधन म्हणजे निघण्टू. यास्काचे निरुक्त याच शब्दसंग्रहावर उभे आहे. निघण्टूत अन्नाच्या नावांची एक यादी आहे आणि ऊर्क् त्या यादीत बसला आहे, इष आणि रस यांच्या पंक्तीला. बलाच्या नावांची यादी वेगळी आहे. तिच्यात ओजस्, शवस्, तरस्, सहस् असे दणकट शब्द आहेत, ऊर्क् नाही. म्हणजे वेदांचे शब्द ज्यांनी निगुतीने गोळा करून लावले, त्यांना हा शब्द ताटातला वाटला. अंगी लागणारा रस, सकस अन्न, त्यातून येणारी टवटवी असा त्याचा रोख आहे. वैदिक महिन्यांत आश्विनाला इष आणि कार्तिकाला ऊर्ज म्हणतात, तेही याच अंगाने. पिके हाती येण्याचे ते दिवस. (पुराणांत ऊर्जा ही वसिष्ठांची पत्नी आहे. तिचे नाव कुणी भौतिकशास्त्राच्या पुराव्यात अजून घेतलेले नाही, हे आपले भाग्य.)

प्रतिपक्ष इथे धातुपाठ पुढे करील, आणि त्याने तो करावाच. ऊर्ज् धातूला तिथे बल आणि प्राणन असे अर्थ दिले आहेत. मान्य. पण प्राणन म्हणजे जगणे, श्वास घेणे. हे बल जिवंत देहाचे आहे. कड्यावर नुसत्या टेकलेल्या दगडात जी स्थितिज ऊर्जा आपण आज मोजतो, तिला या अर्थात शिरायला फट नाही. मराठीनेही जुना अर्थच जपला. आपण ‘ऊर्जितावस्था’ म्हणतो ती एखाद्या घराण्याची, धंद्याची, संस्थेची. वाफेच्या इंजिनाची नव्हे.

बरे, आपल्या पूर्वजांनी गती आणि तिची कारणे यांचा विचारच केला नाही का? केला, आणि नेटाने केला. पण तो वैशेषिकांनी. फेकलेला बाण सुटल्यावरही पुढे का जातो, फळ खाली का पडते, वाकवलेली फांदी परत सरळ का होते, हे प्रश्न त्यांचे. प्रशस्तपादाने चोवीस गुण सांगितले. त्यांत गुरुत्व आहे, द्रवत्व आहे, संस्कार आहे. आणि संस्काराचे तीन प्रकार : वेग, भावना, स्थितिस्थापक. ऊर्जा कुठेही नाही. मीमांसक आणि नैयायिक यांचा मोठा वाद झाला तो ‘शक्ती’वर. अग्नीत जाळण्याची वेगळी शक्ती मानायची, की प्रतिबंधक नसणे हेच कारणांत धरून भागवायचे? या वादातही ऊर्जेला कोणी साक्षीला बोलावले नाही. जिथे हा शब्द लागायला हवा होता, नेमका तिथेच तो नसावा, याचे उत्तर पूर्वपक्षाकडे नाही.

आता सोलापूरचा पुरावा. तो पोथीतला नाही, पण मला अधिक बोलका वाटतो. या शहरात मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच रस्त्यावर ऐकू येतात. मराठी शाळेतला मुलगा ‘ऊर्जा’ अक्षय्य आहे असे शिकतो आणि दर सेकंदाला किती कार्य झाले त्याला ‘शक्ती’ म्हणतो. अक्कलकोटकडच्या कानडी शाळेत त्याच ऊर्जेला ‘शक्ती’ म्हणतात, आणि मराठीतल्या शक्तीला ‘सामर्थ्य’. तेलुगू पुस्तकांतही तसेच. संस्कृतचे भांडार तिघांचे एकच. कल्पना आणि शब्द मिळून वारशाने आले असते, तर वाटणीत एवढा फरक पडता ना. फरक पडला, कारण विसाव्या शतकातल्या परिभाषाकारांनी नव्या कल्पनेसाठी आपापल्या सोयीने जुना शब्द उचलला. मराठीतही सगळ्यांचे एकमत नव्हते : शाळेच्या पुस्तकात ‘बल’ आहे, तर मराठी विश्वकोशात त्याच जागी ‘प्रेरणा’. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाशी एकरूप झाले. त्या तारेच्या एका टोकाला पुस्तकात शक्ती आहे, दुसऱ्या टोकाला ऊर्जा; विजेचे त्यावाचून काही अडलेले नाही.

युरोपाने हे आपल्याकडून घेतले म्हणावे, तर त्यांची धडपड पाहावी. लायब्निट्‌सने 1686 मध्ये देकार्तच्या अनुयायांशी भांडण काढले, ते गतीचे खरे माप कोणते यावरून. ‘एनर्जी’ हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळ आणला थॉमस यंगने, 1807 च्या व्याख्यानग्रंथात. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याच्या निम्मे घ्यायचे, हे कोरिऑलिसने 1829 मध्ये पक्के केले. आणि 1847 मध्ये हेल्महोल्ट्‌सने अक्षय्यतेवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला तेव्हा शीर्षकात शब्द वापरला ‘क्राफ्ट’, म्हणजे बल! ज्यांच्या हातून कल्पना घडत होती, त्यांनाही तिचे नाव सापडत नव्हते. ‘एनर्जी’चे मूळ ॲरिस्टॉटलच्या ‘एनर्गेइआ’त आहे; तेवढ्यावरून ज्यूलचे श्रेय ॲरिस्टॉटलला द्यायचे का?

याच्या उलट टोकाचे मतही ऐकू येते, की ऊर्जा हा समितीने लादलेला पुस्तकी शब्द आहे, बोलीत तो नव्हताच. बोलीत नव्हता हे खरे. पण ती त्याची सोय ठरली. ‘शक्ती’वर देवीपासून अश्वशक्तीपर्यंत अनेकांचा हक्क आधीच होता, ‘जोर’ आणि ‘ताकद’ तालमीत अडकलेले. ऊर्जा बरीचशी रिकामी होती, म्हणून तिच्यात काटेकोर अर्थ भरता आला. परंपरेचा अभिमानच हवा असेल, तर ‘स्थितिस्थापकता’ घ्यावी. ती वैशेषिकांपासून आजच्या पाठ्यपुस्तकापर्यंत जवळजवळ त्याच अर्थाने चालत आली आहे. तिच्यावर मात्र कोणी भाषण देत नाही.

आणि तो काटेकोरपणा अजून अंगवळणी पडायचा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातला औष्णिक प्रकल्प 660 मेगावॉटच्या दोन संचांचा. ‘1320 मेगावॉट ऊर्जा’ असे सर्रास छापले जाते. मेगावॉटने मोजतात ती शक्ती. ऊर्जा हवी असेल तर घड्याळ लावावे लागते : दोन्ही संच पूर्ण भाराने तासभर चालले, तर 13 लाख 20 हजार युनिट.