लाकडी स्नेअर ड्रमचा जीर्णोद्धार

जुन्या लाकडी स्नेअर ड्रमचे झिजलेले, निखळलेले किंवा चुकीच्या दुरुस्तीने बिघडलेले भाग पूर्ववत करून तो पुन्हा वाजवण्याजोगा करणे, यास त्या वाद्याचा जीर्णोद्धार म्हणतात. खोडावरील जुने लॅकर, रंग किंवा प्लॅस्टिकचे आवरण काढून नवे चढवणे हे त्याहून वेगळे काम असून त्यास रिफिनिशिंग म्हटले जाते. दोन्ही कामे पुष्कळदा एकाच वेळी केली जातात. मात्र पहिल्यातील बरेचसे काम पुढे कोणालाही उलटवता येते, दुसऱ्यातील जवळजवळ काहीच नाही. या विषयातील बहुतेक मतभेद या एका फरकातून निर्माण झालेले आहेत. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने १९२० ते १९६० या दशकांत अमेरिकेत तयार झालेल्या ड्रमचा विचार केला आहे.

रचना

स्नेअर ड्रम हा दोन्ही तोंडांवर पान ताणलेला उथळ, गोल ड्रम होय. खालच्या पानाला तारांची पट्टी टेकलेली असते आणि वरच्या पानावर काठी पडताच ती थरथरून वाद्याला त्याचा ओळखीचा कोरडा, करकरीत ध्वनी देते. महाराष्ट्रातील बँड पथकांत साइड ड्रम म्हणून वाजवले जाणारे वाद्य याच कुळातील आहे. खोडाचा नेहमीचा व्यास १४ इंच, म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर, तर उंची साधारणतः ५ ते ८ इंच असते.

खोड प्रामुख्याने दोन प्रकारांनी बनवले जाई. पहिल्या प्रकारात मेपलची एक सलग फळी वाफवून वर्तुळाकार वाकवत, तिची दोन्ही टोके तिरकी तासून एकमेकांवर चिकटवत आणि आकार टिकावा म्हणून आतून वर व खाली लाकडी कडी बसवत. शिकागो येथील स्लिंगरलँड कंपनीचा १९३०च्या दशकात बाजारात आलेला ‘रेडिओ किंग’ हा या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध ड्रम होय. स्विंग काळातील वादक जीन क्रुपा यांच्यामुळे त्याला मोठी लोकप्रियता मिळाली. दुसऱ्या प्रकारात महोगनी, पॉप्लर, मेपल अशा लाकडांचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून खोड घडवत. पहिल्या प्रकारात सांधा उघडतो व खोड लंबगोल होते. दुसऱ्यात थर सुटतात. त्यामुळे दुरुस्तीचे मार्गही वेगळे आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने वाद्यांतील धातूच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या. तेव्हाच्या काही ड्रमवर ताणाचे स्क्रू ज्यांत बसतात ते ठोकळे, म्हणजे लग, लाकडाचेच आहेत. ते कोणाचे नंतरचे जुगाड नसून मूळ भाग आहेत, हे ओळखल्याशिवाय अशा ड्रमला हात लावू नये.

पाहणी व नोंद

ड्रम सुटा करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली जातात आणि प्रत्येक स्क्रू कोणत्या छिद्रातून निघाला याची नोंद ठेवली जाते. हाताने पाडलेली छिद्रे क्वचितच परस्परांशी तंतोतंत जुळतात, त्यामुळे लग आपापल्या जागीच परत बसवावे लागतात. खोडाचा व्यास चार-पाच दिशांनी मोजल्यास ते किती लंबगोल झाले आहे ते कळते. दोन-तीन मिलिमीटरचा फरक जुन्या खोडांत सर्रास आढळतो व बहुधा त्याने काही बिघडत नाही.

आतील पृष्ठभाग हा ड्रमचा जन्मदाखला असतो. लडविगच्या अनेक जुन्या ड्रममध्ये तारखेचा शिक्का, ग्रेच्च्या ड्रममध्ये कागदी चिठ्ठी, तर काहींत कारागिराने पेन्सिलने लिहिलेले आकडे सापडतात. स्वच्छतेच्या उत्साहात आतून पॉलिश पेपर फिरवला की हे सर्व काही मिनिटांत नाहीसे होते. आतील भाग कोरड्या मऊ ब्रशने झटकणे पुरेसे असते.

खोडाची दुरुस्ती

उघडलेला सांधा किंवा सुटलेला थर पुन्हा चिकटवताना जुना सरस आधी काढावा लागतो. मूळ जोड जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाचा असेल, तर ऊब आणि ओल दिल्यावर तो मऊ होतो. म्हणूनच नव्या जोडासाठीही पुष्कळ कारागीर सरसच वापरतात. पुढच्या पिढीतील दुरुस्ती करणाऱ्याला तो सोडवता येतो. इपॉक्सीच्या जोडाबाबत ही सोय राहत नाही. थरांमधील फटीत गोंद सुईच्या पिचकारीने सोडून आतून-बाहेरून गोलाईच्या ठोकळ्यांसह क्लॅम्प आवळले जातात. नंतर कोणी पाडलेली जादा छिद्रे लांबीने भरण्यापेक्षा त्याच जातीच्या लाकडाची खुंटी, रेषा जुळवून, बसवणे चांगले; लांबी वर्षभरात आकसते आणि पॉलिशखाली तिचा डाग उठून दिसतो.

धार

पान ज्या कडेवर टेकते तिला धार म्हणतात. ड्रमचा स्वर, तो किती वेळ घुमतो आणि सुरात लावणे किती सोपे जाते, हे फार मोठ्या प्रमाणात धारेवर अवलंबून असते. जुन्या ड्रमची धार बहुधा गोलसर असते. गोल धारेवर पानाचा अधिक भाग लाकडाला टेकतो, त्यामुळे ध्वनी उबदार, काहीसा दबलेला आणि लवकर विरणारा होतो. हल्लीच्या ड्रमवरील ४५ अंशांची टोकदार धार याच्या उलट, तल्लख व लांबणारा नाद देते.

धारेची सपाटी तपासण्यासाठी खोड जाड काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या लादीवर पालथे ठेवून, आत दिवा लावून, खोली अंधारी केली जाते. जिथून उजेड झिरपतो तिथे धार खोल गेलेली असते. किरकोळ दोष असल्यास लादीवर पॉलिश पेपर चिकटवून खोड त्यावर अलगद फिरवले जाते. त्यापुढे जाऊन राउटरने धार नव्याने कापणे हा सर्वांत मोहाचा आणि सर्वांत घातक उपाय होय. जुना रेडिओ किंग ४५ अंशांत कापला, तर हाती येतो तो जुन्या लाकडाचा नवा ड्रम. ज्या आवाजासाठी तो विकत घेतला होता, तो परत येत नाही.

खालच्या धारेवर समोरासमोर दोन ठिकाणी उथळ खाच असते, जिच्यामुळे तारांची पट्टी पानाला सपाट टेकते. धार घासताना ही खाच उथळ होते, मग तारा नीट बसत नाहीत आणि दोष तारांना दिला जातो.

आवरण व पॉलिश

जुने ड्रम स्वच्छ लॅकरचे, फवारलेल्या रंगाचे किंवा मोत्यासारख्या चकाकणाऱ्या प्लॅस्टिक आवरणाचे असत. रंगीत लॅकरला ड्युपाँ कंपनीच्या उत्पादनावरून ड्युको म्हणत. आपल्याकडे फर्निचरवाले आजही फवाऱ्याच्या रंगाला हेच नाव देतात. पांढऱ्या मोतिया आवरणाचा पिवळेपणा अनेकजण क्लबमधील सिगारेटच्या धुराला चिकटवतात. धुराचा थर पुसून काढता येतो. प्लॅस्टिकच पिवळे पडले असेल, तर ते घासून पांढरे होत नाही.

या काळातील पुष्कळ आवरणे सेल्युलोज नायट्रेटची आहेत व हा पदार्थ भराभर पेटतो. ती काढताना हीट गन किंवा इस्त्री वापरणे धोक्याचे असते. जुन्या रंगात शिसे असण्याचीही शक्यता असल्याने कोरडे घासणे टाळून मास्क लावला जातो. आवरणाची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते, म्हणजे ते काढल्यास बाहेरील व्यास साधारण एक मिलिमीटरने घटतो. शिवाय त्याखालचे लाकूड दाखवण्यासाठी निवडलेले नसते. डाग, गाठी आणि मूळ कारखान्याची लांबी अनेकदा तिथे सापडते. संग्राहक ओरखड्यांसह टिकलेल्या मूळ आवरणास नव्या चकचकीत पॉलिशपेक्षा बहुधा अधिक मोल देतात. सुटलेली शिवण पुन्हा चिकटवणे, सौम्य साबणाच्या ओलसर कापडाने पुसणे आणि मेण लावणे इतके पुष्कळदा पुरते.

मूळ आवरण आधीच नष्ट झाले असेल, तर मात्र रिफिनिशिंगला हरकत घेण्याचे कारण उरत नाही. मेपलची छिद्रे बारीक असल्याने ती भरावी लागत नाहीत. महोगनीची भरावी लागतात. पहिला हात स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा देऊन त्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पातळ हात चढवले जातात. दमट हवेत लॅकर सुकताना त्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून कोकणात किंवा मुंबईत हे काम पावसाळ्यात काढणे शहाणपणाचे नाही. शेवटच्या हातानंतर काही आठवडे थांबून मगच घासून चमक आणली जाते.

धातूचे भाग

निकेलचा मुलामा दिलेले भाग साबणाच्या पाण्याने, गंजलेले स्क्रू रॉकेलमध्ये भिजवून साफ करतात. लोखंडी काथ्याने जोरात घासल्यास पातळ निकेल निघून खालचे पितळ उघडे पडते. अमेरिकी ड्रमच्या ताणाच्या स्क्रूला सामान्यतः इंचामागे २४ आटे असतात. मेट्रिक स्क्रू जबरदस्तीने फिरवल्यास लगमधील आटे मरतात.

पाने व तारा

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत पाने वासराच्या कातड्याची असत. ते ओले करून लाकडी कड्यावर गुंडाळून बसवले जाई, त्यामुळे खोड थोडे मोठे किंवा लंबगोल असले तरी चाले. पुढे रूढ झालेल्या पॉलिएस्टर पानांचे धातूचे कडे ठरावीक मापाचे असते आणि ते अशा खोडांवर घट्ट बसते किंवा अजिबात बसत नाही. त्यासाठी खोड बाहेरून घासून बारीक करण्याऐवजी किंचित मोठ्या मापाची पाने किंवा पुन्हा कातडेच वापरणे योग्य ठरते. रेडिओ किंगच्या काही तारापट्ट्या खोडाच्या कडेपलीकडे जातात व त्यांना त्यांचीच मूळ यंत्रणा लागते. ती गहाळ असल्यास साधी यंत्रणा बसवण्यासाठी खोडाला नवी छिद्रे न पाडता जुन्याच छिद्रांवर बसणारी पट्टी आधी शोधली जाते.