लाल किल्ला : दोन वर्षे आधी हरलेले युद्ध

१७ मार्च १९६०. लखनौच्या पूर्व विभाग मुख्यालयात एक युद्ध लढले गेले, केवळ नकाशांवर. त्या सरावाचे नाव ‘लाल किल्ला’. शत्रू चीन आणि रणभूमी नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. निष्कर्ष असा निघाला की, आहे त्या बळावर हा प्रदेश राखता येणार नाही.

सराव मांडणारे सेनानी आपल्या कोल्हापूरकडचे : लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

या माणसाला भित्रा म्हणण्याची सोय नव्हती. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणींचे नेतृत्व तीन भारतीयांकडे होते : थिमय्या, थोरात आणि सेन. तिघांनाही ‘डीएसओ’ हे शौर्यपदक मिळाले. पुढे १९५३ मध्ये कोरियातील युद्धकैद्यांवर देखरेख करणाऱ्या भारतीय सेनेचे थोरात प्रमुख झाले. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले, तेव्हा ते स्वतः छावणीत शिरले आणि त्याला सोडवून आणले. अशोकचक्र (वर्ग २) हा सन्मान त्यांना लाभला.

आता मूळ मुद्दा. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चकमक झाली आणि ८ ऑक्टोबरला थोरातांनी नेफाच्या संरक्षणाचा आराखडा सादर केला. सीमेवरच्या चौक्यांनी फक्त इशारा द्यावा, खरी लढाई मागे बोमडिला, झिरो, दापोरिजो या रेषेवर व्हावी. तोवर डोंगर ओलांडून आलेल्या शत्रूची रसद ताणली जाईल आणि आपली जवळ असेल. मराठ्यांच्या गनिमी काव्याची आठवण येते खरी, पण हे साधे रसदीचे गणित होते. अर्थात त्यासाठीही जादा फौज आणि रस्ते हवेच होते.

लष्करप्रमुख थिमय्यांनी आराखडा पुढे पाठवला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो फेटाळला. आपल्यानंतर थोरात यावेत, ही थिमय्यांची शिफारसही मानली गेली नाही. निवड थापर यांची झाली. ते सेवाज्येष्ठ होते, हेही नोंदवले पाहिजे. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. महिन्याभरात तवांग, सेला आणि बोमडिला पडले.

त्यानंतर पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. हा आराखडा मला का दाखवला नाही, असे त्यांनी विचारले. याचे उत्तर मेननच देऊ शकतील, असे आपण सांगितल्याचे थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे.